तबल्याला मानाची बैठक मिळवून देणारे उस्ताद थिरकवा

सप्ताह असो की एकादशीचं भजन, आपल्याकडं तबला नाहीतर पखवाज लागतोच. पण कौतुक होतं गाणाऱ्याचं. वाजवणारा बिचारा बाजूला. हाच बाजूचा माणूस एकट्यानं अख्खी मैफल रंगवू शकतो, हे ज्यांनी देशाला पटवून दिलं, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचं नाव पहिल्या रांगेत येतं.

थिरकवा मूळचे उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे. मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडं ते शिकले. मुनीर खाँ यांनी अनेक उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या होत्या. ती शिदोरी शिष्याला मिळाली. जोडीला वर्षानुवर्षांचा रियाज. बोटं तबल्यावर थिरकतात म्हणून नावच पडलं थिरकवा, आणि तेच कायमचं राहिलं.

पुढं ते गंधर्व नाटक मंडळीत आले. गायला बालगंधर्व, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला थिरकवा! नाटकातली साथ सोपी नसते. गाण्यातला शब्द बुडता कामा नये, लय ढळता कामा नये, आणि जागा मिळाली की थोडक्यात हात दाखवून बरोबर समेवर यायचं. थिरकवांची ही साथ मराठी रसिकांनी डोक्यावर घेतली.

नंतर बरीच वर्षं ते रामपूर दरबारात होते. त्यानंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकवलं. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे अशा अनेकांना त्यांची तालीम मिळाली. 1970 साली पद्मभूषण मिळालं. 13 जानेवारी 1976 रोजी लखनौत त्यांचं निधन झालं.

त्यांचं एकल वादन आजही मोबाईलवर ऐकायला मिळतं. ऐकताना एवढंच करा. आधी हातानं ताल धरा आणि सम कुठं येते ते पकडा. सुरुवातीला संथ पेशकार, मग कायदा. त्यात तेच बोल कसे उलटेपालटे करून फुलवलेत ते बघा. शेवटी रेल्याचा वेग येतो. कडेच्या चाटीचा टणक आवाज वेगळा, मधल्या शाईचा वेगळा, डग्ग्याचा घुमारा आणखी वेगळा. वेग कितीही वाढू दे, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं. थिरकवांची खरी कमाई ती.

आता पुढच्या भजनात तबलजीनं छान तिहाई घेतली, तर त्यालाही मोकळ्या मनानं दाद द्या.