पत्र्यावरची वाळू आणि सोफी जेर्मेन

पॅरिसचा आयफेल मनोरा 1889 साली उभा राहिला, तेव्हा त्याच्यावर 72 फ्रेंच शास्त्रज्ञांची व अभियंत्यांची नावे मोठ्या अक्षरांत झळकली. लाग्रांज, प्वासाँ, नाव्हिए, कोशी ही नावे त्यांत होती. घन वस्तू ताणली, दाबली वा वाकवली तर ती कशी वागते आणि सोडल्यावर पूर्वरूपाला कशी येते, या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांतलेच हे लोक. याच शास्त्रात फ्रान्सच्या विद्वत्सभेचे पारितोषिक मिळवणाऱ्या सोफी जेर्मेनचे नाव मात्र त्या 72 जणांत नव्हते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. अभियांत्रिकीशी माझा संबंध एवढाच की माझे वडील गवंडीकामावर जातात. तरीही या बाईंचे चरित्र हाती आल्यापासून मला स्वस्थ बसवेना.

सोफीचा जन्म 1 एप्रिल 1776 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रेशमाचे व्यापारी, घरची सुबत्ता. 1789 मध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला. बाहेर दंगे चाललेले, म्हणून तेरा वर्षांची सोफी वडिलांच्या ग्रंथसंग्रहात दिवस काढू लागली. तिथे तिने आर्किमिडीजच्या मृत्यूची हकिकत वाचली. भूमितीच्या आकृतीत तो इतका गढून गेला होता की समोर आलेल्या रोमन सैनिकाचेही त्याला भान उरले नाही. ज्या विद्येपुढे मरणाचाही विसर पडतो ती विद्या आपण शिकायचीच, असे या मुलीने ठरवले. आईवडिलांना हे पसंत नव्हते. रात्री तिने वाचू नये म्हणून त्यांनी मेणबत्त्या, उबदार कपडे, शेगडी सारे काढून घेतले. ती लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, रजया गुंडाळून गणिते सोडवीत राही. दौतीतली शाई गोठलेली असे. शेवटी घरच्यांनीच हात टेकले.

मेणबत्तीची ही गोष्ट सगळेच चरित्रकार रंगवून सांगतात. मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो.

1794 मध्ये पॅरिसला एक नवे विद्यालय निघाले. तेच पुढे एकोल पॉलिटेक्निक म्हणून नावारूपाला आले. मुलींना तिथे प्रवेश नव्हता. सोफीने तिथल्या व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवल्या. (वरच्या वर्गातल्या ताईंच्या वह्या मागून ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.) ल ब्लां नावाच्या एका विद्यार्थ्याचे नाव घेऊन तिने आपला निबंध प्राध्यापक लाग्रांज यांच्याकडे धाडला. ते प्रभावित झाले. खरा लेखक कोण हे कळल्यावर त्यांनी तिला भेटून उत्तेजन दिले. जर्मनीतील थोर गणिती गाउस यांच्याशीही तिने 1804 पासून याच नावाने पत्रव्यवहार केला. संख्या-सिद्धांतातले, विशेषतः फर्माच्या प्रमेयावरचे, तिचे काम फार मोठे आहे. पण तो विषय माझ्या आवाक्याबाहेरचा.

पत्र्याची कहाणी सुरू होते ती क्लाड्नी या जर्मन संशोधकापासून. तो धातूच्या पत्र्यावर वाळू पसरी आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढी. पत्रा थरथरू लागे. जिथे कंपन जोराचे तिथली वाळू उडून जाई आणि पत्र्याचे जे भाग स्थिर राहत तिथे ती जमा होई. बघता बघता पत्र्यावर रांगोळीसारखी नक्षी उमटे. नेपोलियनने हा प्रयोग पाहिला आणि 3,000 फ्रँकचे पारितोषिक लागले: या नक्षीमागचे गणित सांगा आणि ते प्रयोगाशी ताडून दाखवा. बड्या बड्या गणितज्ञांनी या प्रश्नाला हात घातला नाही. 1811 ची मुदत संपली तेव्हा विद्वत्सभेकडे एकच प्रबंध आला होता. तो सोफीचा.

तिची मूळ कल्पना साधी व खोल होती. काठी वाकते ती एकाच दिशेने. पत्रा मात्र एकाच वेळी दोन दिशांनी वाकू शकतो. म्हणून पत्र्याला पूर्वरूपाकडे खेचणारे बल या दोन्ही मुख्य वक्रतांच्या बेरजेच्या प्रमाणात असले पाहिजे, असे तिने मांडले. परंतु त्यावरून समीकरण काढताना ती चुकली. पारितोषिक मिळाले नाही. परीक्षकांपैकी लाग्रांज यांनी तिच्याच कल्पनेवरून बरोबर समीकरण काढून दाखवले.

ही चूक बुद्धीची नव्हती. त्या समीकरणासाठी लागणारे कलनशास्त्र तिला कोणी समोर बसवून शिकवलेच नव्हते. वह्या मागून आणता येतात. पण आपण लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून इथे चुकलीस असे सांगणारे माणूस वहीतून मिळत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. माझा निबंध घरी कोणी तपासू शकत नाही, म्हणून ही गोष्ट मला मेणबत्तीपेक्षा जास्त लागली.

1813 मध्ये तिने पुन्हा प्रबंध दिला आणि तिचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. तिसऱ्या खेपेला, 8 जानेवारी 1816 रोजी, पारितोषिक जाहीर झाले. तेही सिद्धतेबद्दल शंका राखूनच. सोफी समारंभाला गेली नाही. याच विषयावर स्वतंत्र काम करणारे प्वासाँ तिच्याशी कधी मोकळेपणाने चर्चा करीत नसत. एवढे झाल्यावरही सभेच्या बैठकींना बसण्याचा मार्ग तिला मोकळा झाला तो 1823 च्या सुमारास, फूरिए यांच्या खटपटीने. तोवर सभासदांच्या पत्नींखेरीज कोणा स्त्रीला तिथे स्थान नव्हते. दरम्यान 1821 मध्ये तिने आपला प्रबंध पदरमोड करून छापला होता. 1825 मध्ये सादर केलेला आणखी एक निबंध तसाच पडून राहिला, तो छापला गेला 1880 मध्ये!

पत्र्याच्या कडांबाबतचे नियम पुढे 1850 मध्ये किर्खोफ यांनी नीट बसवले. समीकरण मात्र जेर्मेन-लाग्रांज या जोडनावानेही ओळखले जाते. स्लॅब असो वा जहाजाचा तक्ता, सपाट वस्तू भाराखाली किती वाकेल हे काढताना त्याचीच गरज पडते.

1829 मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. त्या यातनांतही तिने वक्रतेवरचा निबंध पुरा केला. 27 जून 1831 रोजी ती वारली. मृत्यूच्या दाखल्यात तिचा व्यवसाय गणितज्ञ असा लिहिला गेला नाही. मालमत्तेच्या उत्पन्नावर राहणारी बाई, अशी तिची नोंद झाली.