रुडॉल्फ फिरखो

विकृतिशास्त्राचे कोणतेही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच रुडॉल्फ फिरखो भेटतात. १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनियातील एका लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. १८४८ साली सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करावयास धाडले. साथीचे मूळ दारिद्र्यात आणि राज्यकारभारात आहे, असा अहवाल देऊन हा सव्वीस वर्षांचा डॉक्टर परतला, आणि बर्लिनच्या क्रांतीत सामील झाला! पुढे १८५८ मध्ये त्यांचा पेशीविकृतिशास्त्रावरील ग्रंथ निघाला. रोग पेशीत शोधावा, हे तेव्हापासून जगाने मानले. विधिमंडळात ते बिस्मार्कचे कट्टर विरोधक होते.

परंतु त्यांची खरी परीक्षा १८८७ साली झाली. युवराज फ्रीडरिख यांचा आवाज बसला होता. स्वरयंत्रात कर्करोग आहे असे जर्मन डॉक्टरांचे मत पडले आणि शस्त्रक्रियेची तयारीही झाली. इंग्लंडहून बोलाविलेल्या मॉरेल मॅकेन्झी यांनी मात्र सूक्ष्मदर्शकाचा पुरावा मागितला. त्यांनी गाठीचे बारीक तुकडे काढले व ते फिरखोंकडे गेले. फिरखोंना त्यांत कर्करोग दिसला नाही. एवढ्या तुकड्यांवरून साऱ्या रोगाविषयी निश्चित सांगता येत नाही, असेही त्यांनी नोंदविले होते. पण ती पुस्ती कोण वाचतो? शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरात सान रेमो येथे कर्करोग उघड झाला. फेब्रुवारीत श्वासनलिका उघडावी लागली. मार्च १८८८ मध्ये फ्रीडरिख बादशहा झाले, ते बोलता येत नसताना. नव्व्याण्णव दिवस राज्य करून १५ जूनला ते वारले. शवविच्छेदन फिरखोंच्या हातूनच झाले आणि कर्करोग निर्विवाद सापडला.

फिरखो चुकले असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. जे हाती आले ते त्यांनी नीट पाहिले. जे आले नाही ते कसे पाहणार? हीच अडचण आजही आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात सुईने दहा-बारा बारीक दोरे काढतात आणि डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने रोगाची प्रत ठरवितात. शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण ग्रंथी तपासली की ती प्रत पुष्कळदा बदलते, बहुधा चढते. सुई जिथे गेलीच नाही, तिथे उग्र पेशी दडलेल्या असतात. म्हणून रक्तातील पीएसए, ग्रंथीचा आकार, किती दोऱ्यांत रोग सापडला आणि एमआरआयचे चित्र, यांवरून हा फरक आधीच ताडण्याचा प्रयत्न होतो. त्यावर शस्त्रक्रिया करावी की रोगावर नुसती नजर ठेवावी, हे ठरते.

फिरखो शेवटपर्यंत कामात होते. जानेवारी १९०२ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर ट्राममधून उतरताना ते पडले व मांडीचे हाड मोडले. वय ऐंशी. त्यातून ते पुरते सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर रोजी बर्लिनमध्येच निवर्तले.