वळसंगच्या विहिरीपर्यंत

सन १९०१ मधील गोष्ट. सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर संध्याकाळच्या गाडीने चार मुले उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगझगीत टोप्या आणि नेसूस रेशीमकाठी धोतरे असा त्यांचा थाट होता. त्यांत दोघे सख्खे भाऊ होते व दोघे त्यांचे भाचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातून निवृत्त होऊन गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत असत. त्यांच्याकडे सुट्टी घालवावी म्हणून ही मुले मोठ्या हौसेने निघाली होती. परंतु मुलांनी पाठविलेले पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. त्यामुळे स्थानकावर त्यांना न्यावयास कोणीही आले नव्हते.

गाडी निघून गेली, उतारू पांगले आणि फलाटावर ही चार मुलेच उरली. स्टेशनमास्तरांनी जवळ येऊन आपुलकीने विचारपूस केली. त्यांतील नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने भाबडेपणाने आपली जात सांगून टाकली. आपण महार आहोत, हे शब्द त्याच्या तोंडून निघताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला व ते मागे सरले. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. पण एकही गाडीवान या मुलांना आपल्या गाडीत घेईना. अखेर एकजण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही मुलांनीच गाडी हाकावी व आपण बाजूने पायी चालावे, या अटीवर!

मुलांजवळ शिदोरी भरपूर होती, पण पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दिसले ते शेणाने गढूळ झालेले होते. मध्यरात्री एका टोलनाक्यावर त्यांनी आपली जात लपवून पाणी मागून पाहिले, तरीही ते मिळाले नाही. घासाबरोबर पाण्याचा घोट लागतो. तो नसल्यामुळे भरल्या शिदोरीशेजारी ती चार मुले उपाशीपोटी झोपली. हा भीमराव म्हणजेच पुढे जगविख्यात झालेले डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत.

भीमरावाला ही वागणूक अगदीच अपरिचित नव्हती. साताऱ्याच्या शाळेत त्याला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा त्याला नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच दाबून ठेवावी लागे. ज्या मुलांना नळ मोकळा होता, त्यांची तहान आणि भीमरावाची तहान यांत काय अंतर होते? आपले हात इतरांच्या हातांहून वेगळे कसे ठरले, आणि ते कोणी ठरविले? हा प्रश्न त्याच्या मनात रुतून बसला.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१२ साली त्यांनी बी.ए.ची परीक्षा दिली. पुढच्याच वर्षी पित्याचे छत्र हरपले. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, आणि १९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियात ते रात्रंदिवस अभ्यास करीत, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेथे ते काय शिकत होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र हा होता. पण ज्ञानाच्या बाबतीत ते मोठे हावरे होते. शिष्यवृत्तीची मुदत सरण्यापूर्वी जेवढे म्हणून वेचता येईल तेवढे वेचावे, या ईर्ष्येने त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांचेही अनेक अभ्यासक्रम घेतले; आणि त्यांतच चार अभ्यासक्रम मानवशास्त्राचे होते.

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा अभ्यास. माणसे कशी राहतात, कोणाशी सोयरीक करतात, कोणाच्या पंक्तीला बसतात, कोणत्या गोष्टीला शिवत नाहीत आणि या चालीरीती कशा उपजतात, हे त्यात तपासून पाहावयाचे असते. त्या काळी युरोप-अमेरिकेतील पुष्कळ विद्वान असे मानीत की, काही मानववंश जन्मतःच श्रेष्ठ व काही जन्मतःच हीन असतात. कोलंबियातील मानवशास्त्राचे प्रमुख प्राध्यापक फ्रान्झ बोआस यांनी या समजुतीला धक्का दिला. परदेशांतून अमेरिकेत येऊन वसलेल्या हजारो लोकांच्या व त्यांच्या मुलांच्या डोक्यांची मापे घेऊन त्यांनी दाखविले की, नव्या देशात वाढलेल्या मुलांच्या डोक्याची घडणसुद्धा आईबापांहून बदलते. मग स्वभावाची व बुद्धीची गोष्ट कशाला हवी? माणसामाणसांतील भेद हे बहुतांशी परिस्थितीचे व संस्कारांचे असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. बोआस यांचेच शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या वर्गात भीमराव शिकत असत. ज्या मुलाला जन्मावरून पाणी नाकारले गेले होते, त्याने अशा वर्गात बसावे, हा मोठा योगच म्हटला पाहिजे.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. जातींची घडण, उगम आणि वाढ यांचा शोध घेणारा हा निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. याच विषयावर थोड्याच वर्षांपूर्वी अमेरिकेतच आणखी एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्याने ग्रंथ लिहिला होता. ते म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर. भीमरावांनी केतकरांची व युरोपीय पंडितांची मते एकेक करून पारखली. ज्यांचे जे पटले ते मान्य केले आणि जे पटले नाही ते निर्भीडपणे बाजूला सारले.

निबंधाचा गाभा असा : भारतातील लोक वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या समूहांच्या मिश्रणातून झालेले आहेत. तेव्हा रक्ताच्या भेदावरून जाती पडल्या, हे म्हणणे टिकत नाही. उलट, या सर्व लोकांची संस्कृती एकजीव आहे. मग या एकजीव समाजाचे तुकडे कसे पडले? लग्न आपल्याच गटात करावयाचे, बाहेर करावयाचे नाही, या एका नियमाने. एका गोत्रात लग्न न करण्याची चाल आपल्याकडे प्राचीन आहे. तिच्यावर जातीबाहेर लग्न न करण्याचा दुसरा नियम लादला गेला आणि जात तयार झाली.

परंतु गट असा बंद ठेवणे सोपे नसते. नवरा मेला तर बायको मागे उरते, बायको मेली तर नवरा उरतो. या उरलेल्यांनी गटाबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते, आणि गटातच केले तर इतरांना जोडीदार कमी पडतात. म्हणून विधवेने पतीच्या चितेवर जळावे किंवा जन्मभर तसेच राहावे, आणि विधुराला अजाण वयाची मुलगी द्यावी, अशा क्रूर चाली निघाल्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी वरवर निरनिराळ्या दिसतात. त्या एकाच कुंपणाच्या तीन मेढी आहेत, हे भीमरावांनी उलगडून दाखविले. पुरोहितवर्गाने प्रथम आपले दार लावून घेतले. त्याचे पाहून इतरांनी आपापली दारे लावली. आणि काहींना तर सगळीच दारे बाहेरून बंद आढळली.

या निबंधात मसूरच्या रात्रीचा उल्लेख नाही. शाळेतील नळाचा नाही, गोणपाटाचाही नाही. लेखकाला या विषयाने किती पोळले होते, हे केवळ निबंध वाचून कोणाला कळणारही नाही. शास्त्राच्या प्रांतात मनाच्या कढाला वाव देऊ नये, असे त्यांनी शेवटी बजावले आणि आपले मत चुकीचे ठरल्यास ते सोडून देण्याची तयारीही दाखविली. आजवर अनेक विद्यार्थ्यांचे निबंध तपासणाऱ्या प्रस्तुत लेखकाला या तरुणाचा हा संयम त्याच्या विद्वत्तेइतकाच अपूर्व वाटतो.

पुढील हकिगत बहुतेकांच्या परिचयाची आहे. लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा एवढ्या मोठ्या विद्वानाला त्या शहरात राहावयास जागा मिळेना. पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी शिक्षण पुरे केले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी सर्वांचा हक्क प्रस्थापित केला. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील ग्रंथात त्यांनी विद्यार्थिदशेतील आपला सिद्धांत पुढे नेला. जातीचे कुंपण विवाहबंदीवर उभे असेल, तर जातिजातींतील विवाहांनीच ते मोडेल, असे त्यांनी मांडले. १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर लिहिताना तर त्यांनी डोके-नाकाच्या मापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात, असे दाखविले. कोलंबियाच्या वर्गातील पाठ ते विसरले नव्हते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी अर्पण केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

या मोठ्या घटनांच्या ओळीत एक लहानशी घटना सहसा येत नाही. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख कमी पावसाचा; येथे पाण्याचे मोल कोणाला शिकवावे लागत नाही. गावच्या पाणवठ्यावर दलितांना मज्जाव असे. तेव्हा वळसंगच्या दलित बांधवांनी दुसऱ्याच्या दयेची वाट न पाहता स्वतःची विहीर खणली.

१९३७ साली बाबासाहेब वळसंगला आले. त्याच वर्षी ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले होते, आणि त्यांच्या नावापुढे देशोदेशींच्या पदव्या होत्या. लोकांनी आपल्या कष्टाच्या विहिरीचे पाणी त्यांच्यासमोर धरले. मसूरच्या वाटेवर ज्या मुलाला रात्रभर कोणी पाणी दिले नव्हते, तो आता सेहेचाळीस वर्षांचा झाला होता. बाबासाहेबांनी ते पाणी घेतले आणि सर्वांच्या देखत प्यायले.