‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’चे गणित

इंग्लंडमधल्या लिंकन गावी जॉन बूल नावाचा जोडे बनवणारा कारागीर राहत असे. त्याचे लक्ष दुकानापेक्षा दुर्बिणी तयार करण्यात अधिक. धंदा बसायचा तो बसलाच. थोरला मुलगा जॉर्ज (जन्म २ नोव्हेंबर १८१५) सोळाव्या वर्षी डॉनकॅस्टरच्या शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून लागला आणि आईवडील, धाकटी भावंडे यांचा भार त्याच्यावर आला. कॉलेजात शिकणे राहूनच गेले. ग्रीक तो स्वतःच शिकला. गणिताकडे का वळला, तर म्हणे गणिताचे एक पुस्तक पुष्कळ दिवस पुरते, पैसे वसूल होतात! मला ही गोष्ट खरी वाटते. पगारावर घर चालवणारा माणूस असाच हिशेब करतो.

पुढे त्याने स्वतःची शाळा काढली, रात्री संशोधन केले. १८४४ साली रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात हा पदवी नसलेला मास्तर गणिताचा प्राध्यापक झाला.

१८४७ च्या छोट्या पुस्तकात आणि १८५४ च्या मोठ्या ग्रंथात त्याने तर्कशास्त्राचे बीजगणित मांडले. मी बँकेतला, म्हणून उदाहरण बँकेचे. बचत खातेदार म्हणजे ‘क्ष’, कर्जदार म्हणजे ‘य’. क्ष गुणिले य म्हणजे दोन्ही यादींत असणारे. सगळे ग्राहक मिळून १. त्यातून य वजा केला की कर्ज न घेतलेले उरतात. आणि क्ष गुणिले क्ष? बचत खातेदारांतले बचत खातेदार, म्हणजे पुन्हा क्षच. अंकांत असे वागणारे दोनच : शून्य आणि एक.

बेरजेत मात्र बूल काटेकोर. दोन्ही यादींत असलेला माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तो आधी सगळे क्ष घेई, मग क्ष नसलेले य त्यात मिळवी. विल्यम जेव्हन्स या तरुण अभ्यासकाने १८६३ मध्ये पत्रे लिहून सुचवले की क्ष अधिक क्ष म्हणजे क्षच धरावे. बूलने मानले नाही. पुढे जेव्हन्सचीच रीत रूढ झाली. आज एसक्यूएलमध्ये दोन याद्यांवर ‘युनियन’ चालवले की दुबार नोंद आपोआप गळते, ‘इंटरसेक्ट’ सामाईक नोंदी देते, ‘एक्सेप्ट’ वजाबाकी करते. संगणक येण्यापूर्वी आम्ही दोन लेजरे शेजारी उघडून नावावर नाव लावत बसत असू. तेव्हा आमची रीत बूलचीच होती, हे आता कळते.

मधला दुवा क्लॉड शॅननचा. बूलचे बीजगणित विजेच्या रिलेंच्या जोडणीला लागू पडते, हे त्याने १९३७ च्या प्रबंधात दाखवले. नोंदींचे तक्ते म्हणजे गणितातले संचच, ही एडगर कॉडची मांडणी १९७० ची.

बूलला यातले काही दिसले नाही. १८५५ साली त्याने मेरी एव्हरेस्टशी लग्न केले. भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्टांची ही पुतणी. पाच मुली झाल्या. १८६४ च्या नोव्हेंबरात तो भर पावसात पायी कॉलेजला गेला आणि ओल्या कपड्यांनिशीच व्याख्यान दिले. फुप्फुसे धरली. ८ डिसेंबरला, एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. धाकटी एथेल तेव्हा सात महिन्यांचीही नव्हती. मेरीने लंडनला जाऊन एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली. घर पुन्हा एका पगारावर आले.