लंडनची कुलपं उघडणारा हॉब्ज

मित्रांनो, चोर आणि चोरी कशी होऊ शकते हे दाखवणारा माणूस, या दोघांत फरक किती? हात तेच, हत्यारं तीच, डोकंही तेच. हा प्रश्न मला गेल्या वर्षी अगदी जवळून पडला. ते शेवटी सांगते. आधी ज्याच्यामुळे मला उत्तर सापडलं, त्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्जची गोष्ट ऐका. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!)

हॉब्जचा जन्म १८१२ साली अमेरिकेत बोस्टनला झाला. वडील सुतार. हा तीन वर्षांचा असतानाच ते वारले आणि दहाव्या वर्षी पोरगं कामाला लागलं. शेतावर राबला, दुकानात राहिला, लाकडावर कोरीवकाम केलं, बोटीवरसुद्धा गेला. शेवटी काचेच्या कारखान्यात शिरला. तिथे दाराच्या काचेच्या मुठींचं काम असायचं. मूठ आली की कुलूप आलंच! असा तो कुलपांच्या धंद्यात पडला आणि न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूवेल या कंपनीचा विक्रेता झाला. त्याची माल विकायची रीत भारी होती. बँकेत जायचं, त्यांच्याच तिजोरीचं कुलूप त्यांच्याच डोळ्यांदेखत किल्लीशिवाय उघडायचं आणि मग आपलं नवं कुलूप दाखवायचं. कोण नाही म्हणेल?

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. हॉब्ज आपल्या कंपनीचं कुलूप घेऊन तिथे गेला. त्या वेळी इंग्लंडात दोन कुलपांचा फार दबदबा होता. एक चबचं. १८१८ साली पेटंट घेतलेल्या या कुलपात डिटेक्टर होता. कोणी खोटी किल्ली किंवा तार घालून आतला लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलला, की कुलूप अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कोणीतरी हात लावलाय. दुसरं ब्रामाचं. हे जोसेफ ब्रामा म्हणजे हायड्रॉलिक प्रेसवाले, आपल्या पुस्तकातले! त्यांच्या पिकॅडिलीच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप जवळजवळ साठ वर्षं टांगलेलं होतं. जो ते उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटीच होती. कोणालाही ते जमलं नव्हतं.

हॉब्जने आधी चबला हात घातला. पण गुपचूप नाही. आदल्या दिवशी त्याने कंपनीला चिठ्ठी पाठवली की उद्या तुमचं कुलूप उघडायचा प्रयत्न करणार आहे, हजर राहावे. २२ जुलै १८५१ ला वेस्टमिन्स्टरमधल्या एका भक्कम खोलीच्या दाराचं चब कुलूप त्याने साक्षीदारांसमोर साधारण २५ मिनिटांत उघडलं. वर ते सातेक मिनिटांत परत बंदही करून दाखवलं!

त्याची युक्ती अशी सांगतात. कडीवर हलका दाब ठेवायचा आणि एकेक लिव्हर चाचपत उचलायचा. जास्त उचलला गेला तर डिटेक्टर अडकतो, म्हणजे इथवर जायचं नाही हे कळलं. चोराला पकडायला बसवलेला डिटेक्टरच आतली माहिती बाहेर सांगत होता. कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच पटेल. युजरनेम बरोबर आहे पण पासवर्ड चुकला, असं सांगणारं लॉगिनचं पान नेमकं हेच करतं.

ब्रामाचं काम मात्र अवघड होतं, कारण त्यात १८ पट्ट्या होत्या. इथे हॉब्जने कंपनीची रीतसर परवानगी घेतली. तीन पंच नेमले गेले. काम २४ जुलैला सुरू झालं आणि २३ ऑगस्टला कुलूप उघडलं. मध्ये १६ दिवस मिळून ५१ तास तो त्याच्याशी झुंजत होता. ब्रामा कंपनीने पुष्कळ कुरकुर केली, की खऱ्या चोराला एवढा वेळ आणि निवांतपणा कोण देतो? मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण पंचांनी २०० गिनी हॉब्जलाच दिले.

लंडनमध्ये एकच गोंधळ उडाला. बरेच लोक कुलूपवाल्यांवर चिडण्याऐवजी हॉब्जवरच चिडले. असल्या गोष्टी उघड बोलून तू चोरांना शिकवतोस, असं त्यांचं म्हणणं. १८५३ साली हॉब्जच्या माहितीवरून कुलपांवर एक पुस्तक निघालं, त्यात याला सरळ उत्तर आहे. चोर आपल्या धंद्यात हुशारच असतात, त्यांना हे आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्या साध्या माणसाला. मग सांगायला नको का?

पुढे हॉब्जने लंडनमध्येच स्वतःचा कुलपांचा कारखाना काढला. आणि गंमत बघा, १८५४ साली त्याचंच एक कुलूप चबच्या कारागिराने उघडलं! त्याच्या जुन्या कंपनीचं प्रसिद्ध कुलूपही पुढे लायनस येल याने उघडलं. आपल्या दारांवर असतं ते येल लॉक याच येलचं. म्हणजे या भांडणातूनच कुलपं सुधारत गेली. चबनेही आपल्या कुलपात बदल केले. हॉब्ज १८६० मध्ये अमेरिकेला परतला, शिलाई मशीनच्या आणि नंतर काडतुसांच्या कारखान्यात वरच्या जागेवर राहिला आणि १८९१ साली ब्रिजपोर्टला वारला.

हॉब्ज काही संत नव्हता. त्याला आपला माल खपवायचा होता. आणि चबला दिलेली एका दिवसाची मुदत म्हणजे फारच कमी! आज सॉफ्टवेअरमधला दोष सापडला तर आधी फक्त कंपनीला कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा (बऱ्याच ठिकाणी ९० दिवस) आणि मगच जाहीर करायचं, अशी रीत आहे. पण नाव लपवायचं नाही, आधी कळवायचं, परवानगी घ्यायची, आत शिरलो तरी काही न्यायचं नाही, हे सगळं त्याच्या वागण्यात होतं.

आता माझं. गेल्या वर्षी एका क्लासच्या साइटवर माझे मार्क बघताना पत्त्यातला शेवटचा आकडा टाइप करताना चुकला आणि समोर दुसऱ्याच मुलीची मार्कशीट, फोन नंबरसकट! ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, अजून नंबर टाकून बघ ना, धमाल येईल. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले. पण ती मुलगी मी असते तर? खिडकी बंद केली आणि क्लासला मेल लिहिला. काय दिसलं, कसं दिसलं, कधी दिसलं, खाली माझं नाव. तीन आठवडे उत्तर नाही. मग एक दिवस तपासलं, माझाच आकडा टाकूनही आधी पासवर्ड मागत होता. थँक्यू काही आलं नाही. चालायचंच!

मित्रांनो, आपल्याकडे २००० सालच्या आयटी कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं गुन्ह्यात बसू शकतं, हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावं लागतं. म्हणून दोष दिसला की तिथेच थांबा, आणि मालकाला कळवा. तो ऐकत नसेल तर सर्ट-इन ही सरकारी संस्था आहे, तिला कळवा. उद्या आपण लिहिलेल्या प्रोग्राममध्येही कोणीतरी भोक शोधणार आहे. तेव्हा तो हॉब्जसारखा आधी चिठ्ठी पाठवणारा निघावा, एवढीच इच्छा!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी