संन्याशाचा मतदारसंघ

निवडणुकांचे दिवस जवळ आले की आपल्या सार्वजनिक भाषेत काही शब्द हटकून डोके वर काढतात. अमुक मतदारसंघ हा अमुक नेत्याचा बालेकिल्ला आहे, तमुक घराण्याचा तेथे परंपरेने हक्क आहे, बाहेरचा उमेदवार लादला तर तो खपवून घेतला जाणार नाही, अशी विधाने इतक्या सहजतेने केली जातात की त्यांत काही वावगे आहे याची जाणीवही उरत नाही. वस्तुतः मराठवाड्यातील माणसाला तरी ही भाषा खटकावयास हवी. निजामी राजवटीत येथील भूमीचा मोठा हिस्सा जहागीरदारांच्या हाती होता आणि जहागीर म्हणजे काय, हे येथील कुळांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे. १९४९ साली जमिनीवरील जहागिरी कायद्याने संपल्या. मतांवरील जहागिरी मात्र आपण आपल्या हातांनी उभ्या करीत आहोत काय, हा प्रश्न विचारताना औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासातील एका नावाचे स्मरण अपरिहार्य ठरते. ते नाव स्वामी रामानंद तीर्थ यांचे आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. मुलूख कन्नड, शिक्षण मराठी आणि पुढील कार्यक्षेत्र तेलुगू, मराठी व कन्नड अशा तिन्ही भाषकांचे, असा हा योग होता. १९२० साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा सोलापूरच्या या विद्यार्थ्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. असहकाराच्या हाकेसरशी त्याने सरकारी शाळा सोडली आणि पुढील शिक्षण राष्ट्रीय शिक्षणसंस्थांतून पूर्ण केले. त्यानंतर कामगार चळवळीचे नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्याने काही काळ काम केले. कामगारांचे प्रश्न, संघटना बांधण्याची रीत आणि कागदपत्रांची शिस्त यांचे शिक्षण त्याला येथे मिळाले. तथापि प्रकृतीने साथ दिली नाही आणि मुंबई-दिल्लीचा मार्ग सोडून हा तरुण १९२९ च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आला.

मराठवाड्याच्या राजकारणाचा पाया शाळांच्या ओसरीवर घातला गेला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. सभा भरविण्यास जेथे परवानगी लागे आणि वृत्तपत्र काढणे जवळजवळ अशक्य होते, तेथे शिक्षक हाच कार्यकर्ता आणि शाळा हीच संघटना होती. हिप्परग्यास असतानाच १४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. रूढ अर्थाने संन्यासी समाजापासून दूर जातो. या संन्याशाने मात्र भगवी वस्त्रे अंगावर घेतल्यानंतर समाजात अधिक खोलवर पाऊल टाकले. १९३५ साली ते अंबाजोगाईस आले आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह योगेश्वरी विद्यालयाची उभारणी त्यांनी केली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेल्या तरुणांपैकी कितीतरी जण या शाळांतून घडले.

आजच्या विद्यार्थ्यास एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्या काळी हैदराबाद संस्थानात मतदारसंघ ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली प्रांतिक निवडणुका होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळे अधिकारावर आली. संस्थानी प्रजेला मात्र आपला प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार नव्हता. १९३९ साली निजाम सरकारने ज्या सुधारणा जाहीर केल्या, त्यांतही प्रतिनिधित्व जिल्ह्यातील सामान्य रहिवाशांना दिलेले नव्हते. ते जहागीरदार, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांच्या गटांना वाटून दिलेले होते. म्हणजे माणूस केवळ माणूस म्हणून आणि नागरिक म्हणून कोठेच मोजला जात नव्हता. जबाबदार राज्यपद्धतीची जी मागणी हैदराबाद स्टेट काँग्रेसने केली, तिचा गाभा हा होता. ही संघटना रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि त्याचे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले. औरंगाबाद शहराचा आधुनिक राजकारणातील प्रवेश असा विद्यार्थ्यांच्या द्वारे झाला, हे विसरता येत नाही.

पुढील दहा वर्षे स्वामीजींच्या आयुष्यात तुरुंग आणि दौरे यांचीच होती. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात ते पुन्हा बंदिवासात गेले. जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली आणि जून १९४७ मध्ये हैदराबाद येथील मुशीराबाद भागात भरलेल्या तिच्या पहिल्या खुल्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश स्वातंत्र्याचा सोहळा साजरा करीत असताना तिरंगा फडकविल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. मध्यंतरी सुटका होऊन जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा गजाआड गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद त्यांच्या ताब्यात आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच स्वामीजींना तुरुंगाबाहेर पडता आले.

विजयाच्या त्या दिवसांना एक काळी किनारही होती. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या या मुलखात पोलीस कारवाईनंतर अनेक निरपराध मुसलमानांचे बळी गेले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. तिचा अहवाल मात्र दीर्घकाळ लोकांसमोर आला नाही. अशा दुभंगलेल्या मनांच्या प्रदेशात १९५२ साली प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषास, मग तो जहागीरदार असो की त्याचे कूळ, एकच मत मिळाले. शेजारच्या जिल्ह्यांत अवघ्या तीन-चार वर्षांपूर्वी शस्त्रे चालली होती. त्या पार्श्वभूमीवर मतदान केंद्रासमोर लागलेली रांग ही लहान घटना नव्हती.

या पहिल्या निवडणुकीत औरंगाबादमधून काँग्रेसचे सुरेशचंद्र आर्य लोकसभेवर गेले, तर स्वामीजी गुलबर्गा येथून निवडून आले. हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्रिपद बूर्गुल रामकृष्ण राव यांच्याकडे गेले. संग्रामाचा सेनापती सत्तेच्या खुर्चीपासून दूरच राहिला. काँग्रेसअंतर्गत गटबाजी हे त्याचे एक कारण होते आणि तिचा इतिहास कोणासही भूषणावह नाही.

परंतु स्वामीजींचे मोठेपण खऱ्या अर्थाने कसोटीस लागले ते भाषावार प्रांतरचनेच्या प्रश्नावर. हैदराबाद राज्य एकसंध ठेवावे, असे मानणारी वजनदार मंडळी दिल्लीत होती आणि हैदराबादेतही होती. राज्य पुनर्रचना आयोगानेही १९५५ च्या अहवालात तेलंगणाचे स्वतंत्र हैदराबाद राज्य काही काळ राहू द्यावे, असे सुचविले होते. स्वामीजींची भूमिका मात्र स्वच्छ होती. तीन भाषांच्या जनतेला एका सरंजामी राज्याच्या चौकटीने बांधून ठेवले होते आणि ती चौकट मोडून प्रत्येक भाषक जनतेला तिच्या स्वकीयांत जाऊ दिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. या भूमिकेचा व्यावहारिक अर्थ काय होता? तिन्ही भाषकांचे नेतृत्व करणारा हा एकमेव पुरुष राज्य विसर्जित होताच कोणत्याही एका प्रांताचा पूर्णपणे राहणार नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. गुलबर्गा म्हैसूरमध्ये गेले, तेलंगणा आंध्र प्रदेशात आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात. स्वामीजींनी ज्यासाठी आग्रह धरला ते घडले आणि त्यांच्या पायाखालची राजकीय भूमी तीन राज्यांत वाटली गेली. आपल्या मतदारसंघाची सीमारेषा चार गावांनी बदलली तर आकांडतांडव करणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा.

१९५७ च्या निवडणुकीत ते औरंगाबादमधून उभे राहिले आणि विजयी झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसचे भलेभले कोसळले, मराठवाड्यात मात्र पक्ष टिकला. या विजयात पक्षाचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्याला घर नाही, जमीन नाही, पुत्र नाही, ज्याने संन्यासाबरोबर जातीचे बंधनही टाकले आणि ज्याचा जन्म परमुलखातला, अशा माणसास या जिल्ह्याने आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले, ही वस्तुस्थिती उरतेच. संसदीय इतिहासात याला मोठे दाखले आहेत. डब्लिनमध्ये जन्मलेला आयरिश विचारवंत एडमंड बर्क १७७४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरातून निवडून गेला. प्रतिनिधी हा मतदारांचा हुकूम वाहणारा हरकाऱ्या नसून त्याने आपली विवेकबुद्धी त्यांच्या सेवेस लावावयाची असते, हा विचार त्याने तेथील मतदारांसमोर मांडला. आयर्लंडच्या व्यापाराला सवलती देण्याच्या प्रश्नावर तो या व्यापारी मतदारांच्या विरुद्ध गेला आणि १७८० साली त्याला ब्रिस्टल सोडावे लागले. मतदारांच्या तात्कालिक हितापेक्षा न्यायाची बाजू मोठी मानण्याची किंमत असते आणि ती चुकविण्याची तयारी असलेलाच खरा प्रतिनिधी होय.

स्वामीजींच्या बाबतीत दुसरी बाजू मांडली नाही तर हे चरित्रलेखन न राहता आरती होईल. मतदारसंघाची नित्य देखभाल, तालुक्यातालुक्यांत माणसे जोडणे, कचेरीतील अडलेली कामे मार्गी लावणे, हा त्यांचा पिंड नव्हता. पक्षांतर्गत डावपेचांत ते वारंवार मागे पडले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे त्यांचे जवळचे सहकारी वैचारिक मतभेदांमुळे काँग्रेसबाहेर गेले आणि संग्रामातील ती एकजूट स्वातंत्र्यानंतर टिकली नाही. सामान्य मतदाराला रस्ता हवा असतो, पाणी हवे असते, मुलाला नोकरी हवी असते. या अपेक्षा क्षुद्र नाहीत. ज्या प्रतिनिधीला त्यांची दखल घेता येत नाही, त्याची थोरवी मतदारास दुरून नमस्कार करण्यापुरतीच उरते. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर मतदारसंघ घराण्याच्या स्वाधीन करणे हे असू शकत नाही.

१९६२ साली स्वामीजी निवडणुकीच्या रिंगणात नव्हते. मागे पुत्र नव्हता, पुतण्या नव्हता. औरंगाबादची जागा भाऊराव देशमुख यांच्याकडे गेली आणि १९६७ मध्येही त्यांच्याचकडे राहिली. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध करून स्वामीजींनी आपला हिशेब पुरा केला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात या मतदारसंघाने काय केले? १९७१ मध्ये माणिकराव पालोदकर, आणीबाणीनंतर १९७७ मध्ये जनता पक्षाचे बापू काळदाते, १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे आणि उर्दूतील नामवंत कवी काझी सलीम, १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर. अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार मिळाल्यानंतरच्या पहिल्याच, १९८९ च्या, निवडणुकीत शिवसेनेचे मोरेश्वर सावे विजयी झाले. १९९९ पासून चंद्रकांत खैरे सलग चार वेळा निवडून आले आणि हा बालेकिल्ला आहे, असे म्हटले जाऊ लागले. २०१९ मध्ये एमआयएमचे इम्तियाज जलील यांनी ४,४९२ मतांनी तो सर केला आणि २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे संदीपान भुमरे निवडून आले. त्यापूर्वी २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले होते. ही निवडणूक मात्र औरंगाबाद याच नावाच्या मतदारसंघात लढविली गेली.

या यादीचा अर्थ काय लावावयाचा? या मतदाराने कोणासही कायमचा पट्टा लिहून दिलेला नाही, हा तिचा आश्वासक भाग होय. चिंतेचा भाग असा की अलीकडे येथे कोण निवडून येईल याचा हिशेब धर्म आणि जात यांच्या बेरजेवर मांडला जातो आणि उमेदवाराचे आयुष्य त्या हिशेबात कोठेच येत नाही. माणसाला गटाचा घटक म्हणून मोजण्याची ही रीत नवी नाही. १९३९ साली निजाम सरकारने तीच देऊ केली होती. ती नाकारून नागरिकाला नागरिक म्हणून मत मिळावे यासाठी हिप्परग्याचा एक शिक्षक आणि त्याचे सहकारी तुरुंगात गेले. आज आपण आपल्या खुशीने तिच्याकडे परतलो, तर दोष कोणा पुढाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. मतपत्रिका असो की यंत्राची कळ, तिच्यावरील बोट आपलेच असते.