सूर मागे ठेवून गेलेला मेजर

पाचपैकी तीन विषयांत नापास! असा निकाल बोर्डावर लागला की आपल्या होस्टेलमध्ये त्या दिवशी मेसचं जेवण कुणाला गोड लागत नाही. पण हा निकाल आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात शिकणाऱ्या ग्लेन मिलरचा आहे. पठ्ठ्याने कॉलेज सोडलं आणि ट्रॉम्बोन घेऊन बँडबरोबर निघून गेला. (कृपया यातून कुणी भलताच बोध घेऊ नये. पुढे त्याला गणिताकडे परत यावंच लागलं!)

ग्लेनचा जन्म १ मार्च १९०४ रोजी आयोवा राज्यातल्या क्लॅरिंडा गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. गाईंच्या धारा काढून मिळालेल्या पैशांतून त्याने लहानपणी आपला पहिला ट्रॉम्बोन घेतला. त्या काळात डान्स बँड म्हणजे लोकांना नाचता येईल अशा ठेक्यावर वाजवणारा वादकांचा ताफा. अनेक वर्षं तो दुसऱ्यांच्या बँडमध्ये राबला. न्यूयॉर्कमध्ये त्याने जोसेफ शिलिंजर यांची शिकवणी लावली. हे गुरुजी संगीतरचना चक्क गणिती पद्धतीने शिकवायचे. त्यांच्याकडे अभ्यास म्हणून केलेल्या एका रचनेतूनच पुढे त्याची 'मूनलाईट सेरेनेड' ही प्रसिद्ध धून तयार झाली. थोडक्यात काय, ती एक असाइनमेंटच होती!

१९३७ साली त्याने स्वतःचा बँड काढला. तो वर्षभरात बुडाला, पैसेही गेले. १९३८ मध्ये त्याने पुन्हा नव्याने सुरुवात केली. या वेळी त्याला स्वतःचा असा आवाज सापडला होता. मुख्य चाल क्लॅरिनेटवर, तीच चाल एक सप्तक खाली टेनर सॅक्सोफोनवर, आणि मधली जागा भरायला बाकीचे सॅक्सोफोन. रेडिओच्या छोट्याशा स्पीकरमधूनही हा बँड दोन सेकंदांत ओळखू यायचा. डिसेंबर १९३९ पासून सीबीएस रेडिओवर आठवड्यातून तीनदा त्याचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम लागू लागला. 'चॅटनूगा चू चू'च्या बारा लाख प्रती खपल्या म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये रेकॉर्ड कंपनीने त्याला सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. अशी ही पहिलीच तबकडी.

आणि नेमकं तेव्हाच त्याने सगळं सोडलं. अमेरिका युद्धात उतरली होती. ग्लेन ३८ वर्षांचा, लग्न झालेला, त्याच्यावर सक्ती नव्हती. नौदलाने नकार दिला तर त्याने सैन्यदलाला पत्र लिहिलं आणि कॅप्टन म्हणून भरती झाला. बंदूक चालवण्यासाठी नव्हे, तर घरापासून हजारो मैल दूर असलेल्या पोरांना घरची आठवण देणारं संगीत ऐकवण्यासाठी. आपण होस्टेलवाले आहोत, घरची आठवण म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१९४४ च्या उन्हाळ्यात तो आपला भला मोठा लष्करी बँड घेऊन लंडनला पोचला. दोस्त सैन्यासाठी बीबीसीच्या मदतीने खास रेडिओसेवा ७ जूनला, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाली होती. लंडनवर तेव्हा जर्मनांचे उडते बॉम्ब पडत होते. म्हणून २ जुलैला बँड बेडफर्डला हलवला. दुसऱ्याच दिवशी लंडनमधल्या त्यांच्या आधीच्या मुक्कामाच्या रस्त्यावर बॉम्ब पडून अनेक अमेरिकन सैनिक मेले. एका दिवसाने वाचले सगळे! पुढे त्याच्या बँडने जर्मन सैनिकांसाठीही कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले. त्यात ग्लेनने स्वतः जर्मन भाषेत निवेदन केलं. शत्रूच्या कानापर्यंत पोचण्याचा हाही एक मार्ग होता.

मग बँड पॅरिसला न्यायचं ठरलं. पण बँड प्रवासात असताना रेडिओवर काय वाजणार? रोजचे कार्यक्रम सांभाळून वर पुढच्या सहा आठवड्यांचे कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, असं ठरलं. वादक थकून गेले, पण काम पुरं झालं. १५ डिसेंबर १९४४ रोजी, पुढची व्यवस्था बघायला मेजर मिलर एकटाच बँडच्या आधी निघाला. बेडफर्डजवळच्या ट्विनवुड विमानतळावरून एका इंजिनाचं नॉर्समन विमान उडालं. आत पायलट धरून तिघे. हवा वाईट होती. विमान इंग्लिश खाडीवर नाहीसं झालं ते आजतागायत सापडलेलं नाही.

मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगतो, अभ्यासकांचा एक मुख्य संशय कार्ब्युरेटरवर आहे. व्हेंचुरीत दाब कमी होतो, पेट्रोलच्या बाष्पीभवनाने तापमान आणखी उतरतं, दमट हवेतलं बाष्प गोठतं आणि इंजिनाचा श्वासच कोंडतो. बाहेरचं तापमान शून्याच्या वर असलं तरी हे होऊ शकतं. परीक्षेत चार मार्कांना येणारी टीप, पण तिच्यात माणसं जातात.

तीन दिवसांनी बँड पॅरिसला उतरला तेव्हा स्वागताला मेजर नव्हता. बातमी २४ डिसेंबरला जाहीर झाली. मात्र आधी मुद्रित केलेले त्याचे कार्यक्रम ठरल्या वेळी लागतच राहिले. थंडीत आघाडीवर बसलेल्या पोरांना त्यांचा बँड ऐकू येत होता, आणि तो वाजवून घेणारा माणूस मात्र नव्हता.

हलकंफुलकं संगीत म्हणून आपण ज्याला बाजूला सारतो, त्यामागे एवढी शिस्त होती. सबमिशन आदल्या रात्री उरकणाऱ्या आपल्यासारख्यांनी या नापास विद्यार्थ्याकडून घ्यायचं असेल तर एवढंच घ्यावं. आपण नसलो तरी आपलं काम अडू नये, इतकी तयारी त्याने करून ठेवली होती.